झोपेची चाचणी

निधीच्या उजव्या गालावर सोफ्याच्या कापडाच्या चार रेघा उमटल्या होत्या. पहाटेची पहिली लोकल चेन्नईच्या मांबलम स्टेशनात शिरताना भोंगा देते, त्या आवाजानं मी जागा झालो. निधीच्या रडण्यानं झालो नाही. ती रडलीच नव्हती. मी सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलो होतो. दुधाची बाटली खाली पडून बुचातून दूध फरशीवर गळलं होतं. आणि माझी पाच महिन्यांची मुलगी माझ्या हातातून सरकत माझं कोपर आणि सोफ्याची पाठ यांच्या मधल्या फटीत गेली होती. तोंड आत, कापडाकडे. मी तिला ओढून बाहेर काढली. तिचं डोकं घामानं ओलं होतं. ती शिंकली, माझ्याकडे पाहिलं आणि जांभई दिली. एवढंच झालं. मी तिला खांद्यावर घेऊन खिडकीपाशी उभा राहिलो आणि उजाडेपर्यंत बसलो नाही. आपण बसलो की झोपतो हे मला कळलं होतं. समोरच्या इमारतीत एक बाई गच्चीवर दिवा लावून कपडे वाळत घालत होती. तिला मी दिसत असणार. मुलीला खांद्यावर घेतलेला बाप, चांगला माणूस, असं तिला वाटलं असेल. सहा वाजता चारातल्या दोन रेघा गेल्या. दोन राहिल्या.

सात वाजता मामींनी त्या पाहिल्या. मामी म्हणजे माझी सासू, राजसबाई. हरिप्रियाच्या बाळंतपणासाठी त्या तंजावरहून आल्या, आणि हरिप्रिया गेल्यावर निधीसाठी राहिल्या. एरवी रात्री निधी त्यांच्याजवळ हॉलमध्ये असे. हॉलच्या छताला हूक आहे, त्याला हरिप्रियाची जुनी सुती साडी बांधून झोळी केली होती, तिच्यात. त्या रात्री मामींना ताप होता म्हणून मी म्हणालो, आज मी पाहतो. मी झोपेची गोळी घेतली आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही ते त्या वेळी महत्त्वाचं वाटलं नाही. सकाळी ताप उतरला तशा त्या उठल्या, तेलाची वाटी घेऊन पाय पसरून बसल्या, निधीला पायांवर घेतलं आणि अंगठ्यानं गाल चोळून पाहिला.

"हें काय गालावर?"

"टॉवेलचं असेल," मी म्हणालो.

"कसला टॉवेल तुमचा! पायपुसणं बरं. नवा आणा एक."

मी संध्याकाळी रंगनाथन स्ट्रीटवरून खरंच एक मऊ टॉवेल आणला. खोटं बोलल्यावर त्याला धरून वस्तूही आणावी लागते.

त्याच संध्याकाळी जेवताना मामी म्हणाल्या, "पुढच्या महिन्यांत सहा तारखेला मीं जातें. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. लेकराला घेऊनु जातें." ह्यांच्या म्हणजे माझे सासरे, बालाजीराव. ते तिकडे पाच महिने एकटेच इडली विकत आणून खात होते. मी भात कालवत राहिलो. "तिथें माणसं आहेत. माझी जाऊ आहे, तिच्या सुना आहेत. इथें कोण? दिवसा ती कनका पाहील म्हणतां, पाहूं दे. रात्रीं?" दिवसाचा प्रश्न नव्हताच. तळमजल्यावरच्या कनका अक्कांनी स्वतःची दोन नातवंडं वाढवली होती आणि निधीलाही सांभाळते म्हणून त्यांनी आपण होऊन सांगितलं होतं. प्रश्न रात्रीचा होता. "बायकोवांचून बाप्याला लेकरू निजवतां येत नाही," मामी म्हणाल्या. "ह्यांत तुमचा दोष नाही. तुम्हीं शनिवार-आइतवार या." मी काही बोललो नाही. आदल्या दिवशी बोललो असतो. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या रेघा होत्या, आणि रेघा मामींच्या बाजूनं बोलत होत्या.

मी लिफ्टचं काम करतो. सोळा वर्षं झाली. पहिली सहा पुण्यात, कंपनीच्या कारखान्यात. तिथे माझ्या तंजावरी मराठीला सगळे हसत. मी तिथली मराठी शिकून आलो, तर इथे मामी हसतात. आमच्या कामात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. लिफ्टच्या खाली खड्ड्यात उतरायचं असेल तर मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. "मी लक्ष ठेवतो" असं म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही. तो माणूस आपण स्वतः असलो तरी ठेवायचा नाही. लक्ष ही उडून जाणारी गोष्ट आहे. मी हे नव्या पोरांना शिकवतो, आणि घरी येऊन गोळी घेतलेल्या अंगानं मुलीला मांडीवर घेऊन सोफ्यावर बसलो. लक्ष ठेवणार होतो.

गोळी हरिप्रिया गेल्यापासूनची. ती गेली तेव्हा निधी सात आठवड्यांची होती. नोव्हेंबरात हरिप्रियाला डेंग्यू झाला. चार दिवस हॉस्पिटल. चौथ्या रात्री तिला आत नेलं, काचेच्या दारामागे, आणि नर्स म्हणाली, तुम्ही थोडं पडा, काही लागलं तर उठवते. मी बाहेरच्या लोखंडी खुर्चीत हेल्मेट मांडीवर घेऊन बसलो. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झालेली पाहिली. त्यानंतर नर्सनं खांदा हलवला तेव्हा चार वाजले होते. मधले एक तास पन्नास मिनिटं मी झोपलो होतो. गाढ. हेल्मेटही पडलं नव्हतं. त्या वेळात ती शुद्धीवर होती का, तिनं काही म्हटलं का, हे मी कोणाला विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही. कोणाची चूक नव्हती. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. पण तेव्हापासून मला झोपायला भीती वाटू लागली. आणि झोपल्याशिवाय दुसऱ्या दिवशी पंधराव्या मजल्यावरच्या मशीन रूममध्ये उभं राहता येत नाही. म्हणून गोळी. गोळीनं झोप येत नाही, माणूस बंद होतो. मला तेच हवं होतं.

निधीच्या लशीच्या दिवशी मी रंजनी डॉक्टरांना विचारलं. माझ्या एका मित्राला लहान मूल आहे, असं सुरू केलं. त्या निधीच्या कार्डावर लिहीत होत्या. वर न पाहता त्यांनी विचारलं, "मित्र गोळी घेतो का?" कसली, मी म्हटलं. "झोपेची. बायको गेल्यावर पुष्कळ लोक घेतात." मी हो म्हणालो. "दारू? सिगारेट?" नाही. "बाळ दिवस भरून झालं? जन्माचं वजन?" तीन किलो शंभर, मी म्हणालो, आणि मित्र तिथेच संपला. त्यांनी पेन ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते साधं होतं. बाळाची जागा बाळाच्या स्वतःच्या पाळण्यात, तुमच्या अंथरुणाशेजारी, पाठीवर. सगळ्यांत बरं तेच. मी म्हणालो, ती दोन वाजेपर्यंत एकटी झोपते, नंतर अंगाशी घेतल्याशिवाय गप्प होत नाही. गेला महिनाभर असंच आहे, आजी रात्रभर फेऱ्या घालते. "म्हणजे तुम्ही खुर्चीत बसणार, आणि खुर्चीत झोपणार. खुर्ची आणि सोफा, ह्यांच्याइतकी वाईट जागा दुसरी नाही." मला ते माहीत झालं होतं. "मग अंथरूण तयार करा. झोपायचं नाही असं ठरवलेल्या रात्रीसाठीसुद्धा तयार ठेवा. घट्ट गादी, जमिनीवर, भिंतीपासून लांब. उशी नाही, पांघरूण नाही, दोरे नाहीत. ती पाठीवर, तुम्ही कुशीवर, तिच्याकडे तोंड करून. आणि गोळी घेतलीत त्या रात्री तिच्याजवळ आडवं व्हायचं नाही. फार थकलेल्या रात्रीही नाही. एवढं करूनही पाळण्याइतकं ते सुरक्षित नाही, हे लक्षात ठेवा." मग त्यांनी निधीला टोचलं आणि निधी ओरडली आणि मला बरं वाटलं. तिचं ओरडणं मला त्या दिवसांत फार आवडायला लागलं होतं.

लिफ्टचा दोर किंवा ब्रेक बदलला की आम्ही पहिल्यांदा माणूस चढवत नाही. लोखंडी वजनं चढवतो. वीस वीस किलोचे ठोकळे रचून लिफ्ट खाली-वर नेतो, मध्येच थांबवतो, किती घसरते ते खडूच्या खुणेवरून पाहतो. खूण हलली नाही तर माणूस. मी घरी येऊन पाच किलो पोन्नी तांदळाची पिशवी घेतली, तिच्यात दीड किलो तूरडाळ ओतली, कारण निधीचं वजन साडेसहा होतं, आणि नव्या टॉवेलमध्ये ती गुंडाळली. माझ्या खोलीत पलंगावरची जाड गादी काढून भिंतीला उभी केली आणि जुनी कापसाची पातळ गादी जमिनीवर मधोमध घातली. पिशवी माझ्या शेजारी ठेवली. आमच्या दोघांमध्ये, एका वितीवर, कोलमचं पीठ घेऊन एक सरळ रेघ ओढली. मामी दारात कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढतात त्या डब्यातलं पीठ. रेघ चांगली आली. त्या रात्री मी नेहमीसारखी गोळी घेतली.

सकाळी रेघ नव्हती. पीठ माझ्या बनियनला होतं, कानात होतं, केसांत होतं. पिशवीचं जे टोक मी डोकं धरलं होतं ते माझ्या खांद्याखाली होतं. मला काहीच आठवत नव्हतं. कूस बदललेली नाही, स्वप्न नाही, काही नाही. मी तिथे बसून राहिलो. बाहेर मामी निधीशी बोलत होत्या, कोण आलं, कावळा आला, कावळा काय म्हणतो, आणि निधी घशातून आवाज काढत होती. मी पिशवी सरळ करून ठेवली. तांदळाची पिशवी. मी तिच्यावर हात ठेवला आणि काढला. मग उठून गोळीवाल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, एकदम बंद करू नका, अर्धी करा, मग पाव. मी विचारलं किती दिवस. ते म्हणाले, घाई काय आहे? मी म्हणालो, आहे.

अर्ध्या गोळीच्या रात्री रेघ मधूनच पुसलेली असे. पाव गोळीच्या रात्री मी जास्त वेळ जागाच असे, त्यामुळे रेघेचा काही पुरावा धरता येत नव्हता. आणि गोळी संपली त्या रात्री मी एक क्षणही झोपलो नाही. गोळीनं जे इतके महिने दाराबाहेर थांबवलं होतं ते सगळं आत आलं. मी त्याला अडवलं नाही. हरिप्रिया ह्याच गादीवर निधीला घेऊन झोपत असे. पहिल्या आठवड्यातच तिनं पलंग सोडून खाली अंथरलं होतं. तेव्हा मला ते खुळ वाटलं. ती कुशीवर झोपायची, गुडघे वर ओढून, ते निधीच्या पायांखाली येत. खालचा हात निधीच्या डोक्याच्या वर लांब केलेला. तो हात तिथे असेपर्यंत तिला खाली सरकता येत नसे, वर सरकता येत नसे, आणि तिच्यावर पडताही येत नसे. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी दारात उभा राहून म्हणालो होतो, सगळी गादी तुम्हां दोघींची, मी कुठे? ती डोळे न उघडता म्हणाली, "तुम्हीं ग्राउंड फ्लोअर." मी हसलो आणि चटईवर पडलो आणि लगेच झोपलो. तेव्हा मला कशीही झोप येत असे. त्या रात्री, पिशवीशेजारी, मी तिच्यासारखं झोपून पाहिलं. गुडघे वर. खालचा हात लांब. माझ्या उंचीला ते अवघड जात होतं, अर्ध्या तासात खांदा दुखायला लागला. तिचाही दुखत असणार. ती कधी बोलली नाही. मी तसाच राहिलो. काचेचं दार आलं, खुर्ची आली, घड्याळ आलं, आणि मी डोळे उघडे ठेवून ते सगळं पाहिलं आणि हात हलवला नाही.

असे तीन दिवस गेल्यावर आमच्या कौशिकनं मला मशीन रूममध्ये शिरू दिलं नाही. कौशिक माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, माझ्याच हाताखाली शिकलेला. "अण्णा, तुम्ही खाली बसून रजिस्टर भरा. डोळे बघा कसे झालेत." मी म्हटलं, मला शिकवतोस? तो म्हणाला, "तुम्हीच शिकवलंय." संध्याकाळी त्याच्या मुलाचा वापरात नसलेला लाकडी पाळणा तो स्कूटरवर बांधून घेऊन आला. मी पाळण्याचा प्रत्येक स्क्रू पाहिला, गजांमधली अंतरं पाहिली, तळाची फळी दाबून पाहिली. कौशिक म्हणाला, सर्टिफिकेट देऊ का?

मामींना तांदूळ दुसऱ्या दिवशी सापडला. रोजचा तांदूळ संपला होता आणि त्यांना नाश्त्याला पोंगल करायचा होता. त्यांनी स्वयंपाकघर पालथं घातलं, कनका अक्कांकडे तक्रार केली की चेन्नईत आतां तांदूळही चोरतात, आणि मग केरसुणी घेऊन माझ्या खोलीत आल्या. मी आंघोळीला होतो. बाहेर आलो तेव्हा त्या गादीजवळ उकिडव्या बसल्या होत्या आणि टॉवेल उलगडलेला होता.

"जयतीर्थ. तांदुळाला निजवलांत?"

मी पंचा खांद्यावर टाकला.

"नव्या टॉवेलांत! अय्यो. आणि ही डाळ कशाला? तांदूळ एकटा भितो काय?"

"निधीचं वजन साडेसहा आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रेघेकडे पाहिलं. ती रेघ त्या दिवशी शाबूत होती. पहिल्यांदाच. आदल्या रात्री मी गोळीशिवाय चार तास झोपलो होतो आणि ती शाबूत होती, हे मला आंघोळीच्या आधी दिसलं होतं. मामींनी रेघेला बोट लावलं आणि बोट नाकाशी नेलं. "हें कोलमचं पीठ." मग त्यांना कळायला लागलं. मला सांगणं भाग होतं. ओला पंचा खांद्यावर तसाच ठेवून मी दारात उभा राहून सगळं सांगितलं. टॉवेलच्या रेघा नव्हत्या, सोफ्याच्या होत्या. गोळी घेतली होती. ती फटीत होती, तोंड आत. मी लोकलच्या भोंग्यानं उठलो. गाडीला उशीर झाला असता तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. मी हे सगळं एकाच आवाजात सांगितलं, जसा अपघाताचा रिपोर्ट लिहितात तसा. मला वाटलं, आता त्या उठतील आणि बॅग भरतील. त्यांना तो हक्क होता.

मामी बराच वेळ तांदळातून डाळ निवडत राहिल्या. निवडून होणारी गोष्ट नव्हती ती.

"तुम्हांला निजेची भीती कां वाटते तें मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "हरी गेली तेव्हां तुम्हीं निजलेले होतां."

"हो."

"मींही निजलेलें होतें. इथें, ह्याच हॉलांत, लेकराशेजारीं. तिचा बाप तिकडे निजलेला होता. अस्की माणसं निजलेलीं होतीं, सगळीं. तुम्हीं जागे असतां तर काय करतां? दार फोडतां? आंत कोण जाऊं देत होतं तुम्हांला?" त्यांचा आवाज चढला. "रात्रभर खुर्चींत बसलां, कमी झालं का? उठूनु सांगायला तुम्हीच होतां. मला फोन तुम्हीच केलांत."

मी पंच्यानं तोंड पुसलं. त्यांनी तांदूळ-डाळ सगळी परत पिशवीत भरली. "ह्याची खिचडीच करावी लागेल आतां," त्या म्हणाल्या. "सहा तारखेला मीं जाणार तें जाणारच. लेकरू येणार कीं नाही तें आदल्या रात्रीं ठरवीन. तुम्हीं निजा तिला घेऊनु. मीं बसूनु पाहीन. तांदूळ काय, मेला, हलतो का चालतो!"

रंजनी डॉक्टरही फोनवर तेच म्हणाल्या होत्या. आधी हसल्या. मग म्हणाल्या, पिशवी लाथ मारत नाही, सरकत नाही. ती तुमच्याबद्दल थोडं सांगेल, मुलीबद्दल काहीच नाही.

पुढचे दहा दिवस आमची भांडणं झाली. निधी पाळण्यात, पाळणा माझ्या गादीशेजारी, मामी हॉलमध्ये पण दार उघडं. झोळी सोडवली तेव्हा मामी गच्चीवर निघून गेल्या. मी त्यांना दाखवलं होतं की निधी आता कुशीवर वळते आणि झोळीत तिची हनुवटी छातीला टेकते. त्यांना ते दिसलं होतं. पण साडी हरिप्रियाची होती. मग मोहरीची उशी. आमच्यात बाळाच्या डोक्याखाली मोहरी भरलेली लहान उशी ठेवतात, डोकं गोल व्हावं म्हणून. ती मामींनी हातानं शिवली होती. "काढा ही," मी म्हणालो. "डोकं चपटं होईल. लग्नाच्या वेळीं कोण पाहील तें?" "लग्नाला केस असतील," मी म्हणालो. त्या हसल्या आणि हसल्याबद्दल त्यांना राग आला. मनगटाचा वेखंडाचा दोरा, कमरेचा काळा दोरा, उशाखालचा अडकित्ता, एक एक करून सगळं गेलं. अडकित्त्यासाठी तडजोड झाली. तो दाराच्या चौकटीवर राहिला. दृष्ट तिथूनच आत येते, तर तिथेच अडवा, असं मी म्हणालो आणि त्यांना ते पटलं. रात्री दोन वाजेपर्यंत निधी पाळण्यात झोपायची. दोननंतर रडायची. मी गादीवरच बसून दूध द्यायचो, ढेकर काढायचो, तिला पाठीवर ठेवायचो आणि हरिप्रियासारखा तिच्याभोवती पडायचो. पण झोपायचो नाही. मामी आहेत तोवर हे चालेल, मला वाटायचं. उजाडलं की त्या तिला उचलून नेत आणि मी दोन तास झोपून कामावर जात असे. आठव्या रात्री मला उमगलं की मी पुन्हा लक्षच ठेवतो आहे. न झोपणारा माणूस एक दिवस खुर्चीत झोपतो. मला झोपायला शिकायचं होतं. तिच्याजवळ, जाणूनबुजून. ते मला अजून जमलं नव्हतं, आणि दोन रात्री उरल्या होत्या. त्या दोन्ही दिवशी मी कामावरून दुपारी घरी आलो. निधी कनका अक्कांकडे होती. मी खोलीत एकटा झोपलो. संध्याकाळी कॉफी घेतली नाही. शर्यतीला जाणारा माणूस जेवतो तसा वेळेवर जेवलो.

पाच तारखेला मामींनी बॅग भरली. खाली स्वतःचं, आणि तिच्याच वरच्या कप्प्यात निधीची झबली, लंगोट, पावडरचा डबा. मला दिसेल अशा जागी बसून भरली. लहान मुलाला गाडीत तिकीट लागत नाही, त्यामुळे जाणं न जाणं सकाळपर्यंत उघडंच होतं. साडेनऊला त्यांनी दारात खुर्ची ओढली, जपमाळ घेतली, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. "निजा," त्या म्हणाल्या, परीक्षेला बसवतात तशा. झिरोचा दिवा चालू होता. पंखा दोनवर. निधी पाळण्यात झोपली, मी गादीवर. माझ्या मानेला त्यांची नजर लागत होती. दहा मिनिटांनी मामी म्हणाल्या, "श्वास तरी घ्या. मेल्यासारखे काय पडलां?" मी श्वास घेतला.

दोनला निधी उठली. मी बाटली भरून ठेवली होती. ती माझं बोट धरून दूध प्यायली, तिचे डोळे दिव्याकडे. मी तिला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, पाठीवर ठेवली. तिनं दोन्ही हात वर टाकले. मी कुशीवर वळलो, गुडघे ओढले, हात लांब केला. तिच्या टाळूला दुधाचा आणि घामाचा वास होता. आता झोप, मी स्वतःला सांगितलं. मोठ्यानं नाही. मामी दारात आहेत, अंथरूण पाहिलेलं आहे, अंगात गोळी नाही, थकवा नेहमीचा आहे. जे जे करायचं ते केलेलं आहे. आता जागं राहणं म्हणजे केलेल्या कामावर विश्वास नसणं. काचेचं दार आलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या आतून हरिप्रियानं मला हाक मारली असेल किंवा नसेल. मला ते कधीच कळणार नाही, आणि ते न कळताच मला रोज रात्री झोपायचं आहे. निधी सोळा-सतरा वर्षांची होईपर्यंत मी किती रात्री झोपणार आहे, तितक्या सगळ्या. तिचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. लहान, मग थांबल्यासारखा, मग लहान.

मी जागा झालो तेव्हा अंधारच होता. कशानं जागा झालो ते आधी कळलं नाही. भोंगा नव्हता, रडणं नव्हतं. मग पुन्हा ते झालं. निधीच्या टाचेनं माझा गुडघा ढकलला, अगदी हलके. ती पाठीवर होती, जिथे ठेवली तिथे. माझा हात जिथे होता तिथे. तिनं तोंड वाकडं केलं, रडायच्या बेतात आली, मी छातीवर तळवा ठेवला आणि ती विचार बदलून गप्प झाली.

दारात खुर्चीवर मामी झोपल्या होत्या. मान एका बाजूला, तोंड उघडं, माळ मांडीवर. पायांशी त्यांची बॅग होती, चेन बंद. आणि बॅगेवर, नीट घड्या घालून, निधीची झबली, लंगोट आणि वर पावडरचा डबा. ते सगळं बाहेर काढलेलं होतं. कधीतरी त्या उठल्या असतील, माझ्यापासून चार हातांवर बॅगेची चेन उघडली असेल, पुन्हा लावली असेल. त्या चेनचा आवाज भरपूर मोठा आहे. मला तो ऐकू आला नव्हता. टाच हलली ती कळली.

मी मामींना उठवलं नाही. सकाळी त्यांना स्टेशनवर पोचवायचं होतं, एकट्यांना. अजून तास-दीड तास होता. निधीच्या पोटावर हात ठेवून तिची झोप पक्की लागली हे पाहिलं, हात काढला, पुन्हा डोक्याच्या वर लांब केला, आणि झोपलो.